हजेरीपटापासून दाखल्यापर्यंत : भटक्या-विमुक्तांचा प्रश्न आज कुठे उभा आहे

तालुक्याच्या एका गावी जातीच्या दाखल्यांचं शिबिर भरलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली, समोर रांग. रांगेत बहुरूप्यांचं एक कुटुंब होतं. साठी ओलांडलेली आजी आणि अकरावीत जाणारा तिचा नातू. त्याला दाखला हवा होता. टेबलाशी आल्यावर आजीने बोचकं सोडलं आणि आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत घड्या घातलेले बरेच कागद होते. कुठल्या गावच्या सरपंचाचं पत्र, कुठल्या पोलीस पाटलाचं, एक हेडमास्तरांचं. या माणसाने आमच्या गावी सोंगं आणली, लोक खूश झाले, वागणूक चांगली आहे, अशा अर्थाचा मजकूर. सगळ्यांत जुना कागद १९५९ सालचा, तिच्या सासऱ्यांच्या नावचा, घड्यांवर विरलेला. तिने तो सर्वांत वर ठेवला. कारकून माणूस बरा होता. त्याने कागद दोन्ही हातांनी धरून नीट वाचला आणि म्हणाला, "आजी, हे फिरल्याचं आहे. राहिल्याचं नाही."

नियमाच्या भाषेत त्याचं चुकलं नव्हतं. महाराष्ट्रात विमुक्त जाती किंवा भटक्या जमातीचा दाखला घ्यायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब राज्यात वास्तव्याला होतं, याचा पुरावा मागितला जातो. ज्यांची ओळखच फिरतीवर आहे, त्यांनी एका ठिकाणी राहिल्याचा कागद आणायचा. आजीच्या सासऱ्यांचा कागद त्या तारखेच्या आधीचा होता, राज्यातल्याच गावचा होता. पण ते त्या गावचे नव्हते, गावाला आलेले होते, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं.

भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नाचा आढावा घ्यायला बसलं की तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही. या समाजांविषयी दीडशे वर्षांत कागद कमी लिहिले गेलेले नाहीत. कायदे झाले, हजेरीपट भरले, समित्या बसल्या, आयोगांनी जाडजूड अहवाल दिले. यात त्यांचं म्हणणं किती ऐकलं गेलं आणि त्यांच्याविषयी दुसऱ्यांचंच म्हणणं किती नोंदवलं गेलं, हा माझ्या लेखी या प्रश्नाचा गाभा आहे. बाकीचे वाद त्याभोवती फिरतात.

शिक्का कुठून आला

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, पुढे बंगालात, आणि १९११ च्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आले. १९२४ साली तो पुन्हा एकत्रित स्वरूपात मांडला गेला. एखादी जमात गुन्हेगार आहे असं स्थानिक सरकारने जाहीर केलं की तिच्यातली माणसं जन्मानेच संशयित ठरत. नाव पोलिसांच्या नोंदवहीत चढे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचं तर पास लागे. सरकारच्या या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची तरतूद आली. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इथे अशा वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरकरांच्या तोंडी त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. तारेच्या कुंपणाआडून माणसं सोलापूरच्या गिरण्यांत कामाला जात आणि कुंपणात परत येत. सुधारणेच्या नावाने चाललेली ही व्यवस्था गिरण्यांना स्वस्त मजूर पुरवणारीही होती.

हा शिक्का मुळात का बसला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एक मत असं की तो पूर्णपणे वसाहतकाळाची निर्मिती आहे. मीना राधाकृष्ण यांनी मद्रास इलाख्यातल्या कोरवा समाजावर केलेलं काम या बाजूचा मोठा आधार. मिठाची आणि धान्याची ने-आण करणाऱ्या या फिरत्या व्यापाऱ्यांचा धंदा सरकारच्या मीठविषयक धोरणाने आणि रेल्वेने बुडाला, आणि हाताला काम नसलेल्या, एका जागी न राहणाऱ्या माणसांकडे राज्यकर्ते संशयाने पाहू लागले, असं त्यांचं विवेचन सांगतं. आपल्याकडच्या बंजाऱ्यांनाही हे लागू पडतं. फौजांना रसद पुरवणारे लमाणांचे बैलांचे तांडे रेल्वेमार्गांबरोबर ओस पडले. रामोशी, बेरड यांच्या बाबतीत याच मताचं थोडं वेगळं रूप मांडलं जातं. ज्यांनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं त्यांना गुन्हेगार ठरवण्यात आलं, असं ते म्हणतं आणि उमाजी नाईकांचं उदाहरण देतं.

दुसरी बाजू अनास्तासिया पिल्याव्स्की यांनी २०१५ साली मांडली. काही जातींना चोर मानण्याची समजूत इंग्रज येण्याच्या आधीपासून इथे होती. इंग्रजांनी ती कायद्यात ओतली, पण ती त्यांनी शून्यातून काढली नाही, असं त्यांचं म्हणणं. चळवळीतल्या काहींना हे मत खटकतं, कारण त्यातून शिक्क्याला जुनी मान्यता मिळते की काय अशी भीती वाटते. मला ही भीती समजते, तरी हे मत टाकून देण्यासारखं वाटत नाही. सगळा दोष १८७१ वर टाकला तर गावगाड्याने पालांना गावकुसाबाहेर का ठेवलं, तीन दिवसांपुढे मुक्काम का करू दिला नाही, या प्रश्नांची उत्तरं आपण देत नाही. समजूत जुनी असेलही. तिला हजेरीपट, पास आणि तारेचं कुंपण मिळालं ते मात्र कायद्याने, आणि तेव्हापासून ती पुसणं अवघड झालं.

त्याच काळात वेगळं वागता येत होतं, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना चाकरीत घेतलं, अगदी पहाऱ्यावरही. ज्यांच्यावर बाहेर पहारा बसत होता, त्यांच्या हाती राजाने आपला पहारा दिला. इकडे मुंबई इलाख्यात १९२८ साली स्टार्ट समिती नेमली गेली. डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते, तर अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचं काम पाहिलेले अधिकारी. तिच्या अहवालात फिरत्या जमाती 'इतर मागास' या गटात आल्या. आज चाललेल्या वर्गवारीच्या वादाचं एक मूळ तिथेही आहे.

मुक्ती आणि तिच्या मागोमाग आलेला कायदा

मुंबई प्रांताने गुन्हेगार जमातींचा कायदा १९४९ मध्येच रद्द केला. देशपातळीवर अनंतशयनम् अय्यंगार समितीचा अहवाल १९५० साली आला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा सगळीकडून गेला. तो दिवस विमुक्तदिन म्हणून पाळला जातो. विमुक्त हे नाव तिथूनच आलं. देश १९४७ साली स्वतंत्र झाला आणि आम्ही पाच वर्षं सोळा दिवसांनी, हे वाक्य विमुक्तदिनाच्या सभांत कुणी ना कुणी म्हणतंच.

रद्द झालेल्या कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. आता जात बघायची नव्हती, व्यक्तीची पूर्वशिक्षा बघायची होती. या कायद्याच्या बाजूने मांडणी अशी की वारंवार गुन्हे करणाऱ्यावर लक्ष ठेवणं हे कुठल्याही पोलीस यंत्रणेचं काम आहे आणि कायद्याच्या शब्दांत जातीचा उल्लेख नाही. विरोधकांचं उत्तर असं की ठाण्यातली जुनी वही तीच राहिली, तिच्यातली नावं तीच राहिली. चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही तेच सांगितलं.

मधल्या काळात १९९८ साली पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेलं, नुकसानभरपाईचा आणि चौकशीचा आदेश झाला. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच वर्षी या समाजांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय पातळीवर गट उभा केला. अहमदाबादच्या छारानगरातल्या तरुणांनी बुधनच्या नावाने नाटक मंडळी काढली आणि चौकात प्रयोग सुरू केले. वेगवेगळ्या राज्यांत विखुरलेले समाज या निमित्ताने एकमेकांना ओळखू लागले.

ताजा टप्पा ३ ऑक्टोबर २०२४ चा. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. 'सराईत गुन्हेगार' या शब्दाची व्याख्या करताना विमुक्त जमातींचा संदर्भ घेता येणार नाही, असं स्पष्ट केलं, आणि या समाजातल्या माणसांना मनमानी अटक होऊ नये यासाठी आधीच्या निकालांतल्या मार्गदर्शक सूचना पाळायला पोलिसांना बजावलं. १८७१ चा कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाली होती आणि तरी तो तुरुंगाच्या नियमांत जिवंत होता. ठाण्यापर्यंत हा निकाल पोचला का, हे अजून पाहायचं आहे.

गावाच्या मनात तो शिक्का किती जिवंत आहे, ते १ जुलै २०१८ ला दिसलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ते भिक्षा मागायला आले होते. पिढ्यान्पिढ्या त्यांचा मार्ग ठरलेला असतो. गावाला त्यांचे चेहरे नाही तरी वेश ओळखीचा असायला हवा होता. २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. या खटल्याने आणखी एक पेच उघडा पाडला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता आहे. डवरी गोसावी राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत, म्हणून त्या कायद्याचं छत्र त्यांच्यावर नव्हतं. तोच हल्ला फासेपारध्यांवर झाला असता तर कायदा वेगळा लागला असता, कारण ते अनुसूचित जमातीत मोडतात.

यादी कोणती

सगळ्यांत मोठा वाद इथे आहे. महाराष्ट्राने इतर बहुतेक राज्यांच्या पुढे जाऊन या समाजांचा स्वतंत्र प्रवर्ग केला. आज त्याचे चार भाग आहेत : विमुक्त जाती ३ टक्के, भटक्या जमाती ब २.५, धनगरांसाठी क ३.५ आणि वंजारींसाठी ड २. मिळून ११ टक्के. १९८४ साली वसंतराव नाईकांच्या नावाने महामंडळ निघालं, आश्रमशाळा निघाल्या, पुढे मुक्त वसाहत योजना आली. पण केंद्राकडे असा प्रवर्गच नाही. मुंबईत 'विमुक्त' असलेला विद्यार्थी दिल्लीत ओबीसी होतो आणि २७ टक्क्यांत शेकडो जातींबरोबर उभा राहतो.

राज्याची वेस ओलांडली की आणखी गोंधळ. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. वडार महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात भोवी नावाने अनुसूचित जातीत. राज्याच्या आतही एक उदाहरण आहे. कैकाडी विदर्भाच्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सासर बुलढाण्याला आणि माहेर जालन्याला असलेल्या कैकाडी बाईच्या दोन्ही घरांची यादी वेगळी. प्रांतरचनेच्या जुन्या रेघा माणसांच्या ओळखीवर उमटून राहिल्या आहेत.

यावर तीन भूमिका दिसतात. पहिली, या समाजांना त्यांच्या स्थितीप्रमाणे अनुसूचित जाती किंवा जमातीत घालावं. घटनेचं संरक्षण, अत्याचारविरोधी कायदा, राजकीय राखीव जागा हे सगळं त्यातून एकदम मिळतं, हे या भूमिकेचं बळ. अडचण अशी की आधीपासून त्या यादीत असलेल्यांना आपल्या वाट्यात घट दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन बंजारा समाजाने अनुसूचित जमातीची मागणी लावून धरली, तेव्हा आदिवासी संघटनाही रस्त्यावर उतरल्या. धनगरांच्या मागणीचंही असंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती नाकारली, पण समाजाच्या दृष्टीने विषय मिटलेला नाही.

दुसरी भूमिका स्वतंत्र तिसऱ्या सूचीची. ती मानणारे १९६५ च्या लोकूर समितीचा दाखला देतात, कारण या जमाती बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आहेत आणि त्यांचा स्वतंत्र गट म्हणून विचार व्हावा, असं त्या समितीने म्हटलं होतं. अस्पृश्यता किंवा दुर्गम डोंगरातलं वास्तव्य या कसोट्यांवर हे समाज मोजताच येत नाहीत. गुन्हेगारीचा शिक्का आणि घर नसणं ही त्यांची खरी ओळख आहे, हे या मताचं मर्म. मला ही मांडणी दुःखाच्या सर्वांत जवळ जाणारी वाटते. पण तिच्यासाठी घटनादुरुस्ती लागते आणि तेवढी राजकीय ताकद या विखुरलेल्या समाजांकडे आजवर जमलेली नाही.

तिसरी भूमिका वाट्यातला वाटा पाडण्याची. केंद्राच्या ओबीसींचं उपवर्गीकरण करण्यासाठी नेमलेल्या रोहिणी आयोगाने ३१ जुलै २०२३ ला अहवाल दिला. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या प्रकरणात अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण वैध ठरवलं, त्यामुळे या बाजूला जोर आला. तळाला असलेल्यांना वेगळा वाटा मिळेल, हा फायदा. उलट बाजूने विचारलं जातं की मसणजोगी किंवा गोपाळ यांची दहावी पास झालेली मुलंच मोजकी असतील, तर वेगळा केलेला वाटाही रिकामाच राहणार नाही का? महाराष्ट्रातल्या अनुभवाकडे पाहून हा प्रश्न मला खोडता येत नाही. अ, ब, क, ड अशी विभागणी असूनही 'ब' गटातल्या कितीतरी नावांना तिचा स्पर्श झालेला नाही. वासुदेव, गोंधळी, मसणजोगी, वैदू हे सगळे एकाच अडीच टक्क्यांत आहेत, पण शाळेपासूनचं त्यांचं अंतर एकसारखं नाही.

आयोगांनी काय ऐकलं

बाळकृष्ण रेणके गोंधळी समाजातून आलेले, आयुष्यभर चळवळीत राहिलेले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. देशात या समाजांची संख्या १० कोटींच्या पुढे असावी, असा अंदाज त्यात होता आणि १० टक्के स्वतंत्र आरक्षणाची शिफारस होती. त्यानंतर २०१५ साली दादा इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग आला. त्याने काढलेली एक गोष्ट सगळ्या वादांच्या आधी वाचायला हवी : २६९ समाज कुठल्याच यादीत नाहीत. अनुसूचित जातीत नाहीत, जमातीत नाहीत, ओबीसीत नाहीत. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्राचे, दोघांनी देशभर फिरून लोकांची गाऱ्हाणी ऐकली.

इदाते आयोगाने कायमस्वरूपी आयोग मागितला. त्याऐवजी २०१९ मध्ये विकास व कल्याण मंडळ स्थापन झालं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'सीड' ही योजना आली : पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये, स्पर्धा परीक्षांची शिकवणी, आरोग्यविमा, उपजीविका आणि घरं. आधी काहीच नव्हतं, आता निदान सुरुवात आहे, असं तिच्या बाजूने म्हटलं जातं. विरोधात सांगितलं जातं ते साधं गणित आहे. रेणके आयोगाचा अंदाज धरला तर हा निधी पाच वर्षांत माणशी वीस रुपयेही होत नाही. आणि योजनेच्या दारात पुन्हा दाखला उभा आहे.

दाखल्याची वाट सोपी करायचे प्रयत्न झालेले आहेत. कागद नसेल तर अधिकाऱ्याने वस्तीवर जाऊन गृहचौकशी करावी, जातीतल्या जाणत्यांचे जबाब घ्यावेत, अशी वाट महाराष्ट्रात आहे. चांगला अधिकारी असला की ती चालते. बदली झाली की पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागतं.

पोटाची वाट बंद करणारे कायदे

याबद्दल चर्चा कमी होते, म्हणून थोडक्यात का होईना नोंदवतो. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं या निमित्ताने पैसे घेणंही भीक ठरतं. म्हणजे डोंबाऱ्याचा दोर, वासुदेवाचे टाळ आणि बहुरूप्याचं सोंग कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याच्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. आपल्याकडे तो आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पारध्याची शिकार आणि गारुड्याचा साप गेला, १९९८ च्या अधिसूचनेने दरवेशाचं अस्वल आणि माकडवाल्याचं माकड. प्राण्यांचे हाल थांबायलाच हवे होते, याबद्दल दुमत नाही. पण प्राणी सोडवून नेताना माणसाच्या हातात दुसरं काय द्यायचं, याचा विचार कायद्यात नव्हता. प्राणिमित्र आणि भटक्यांचे कार्यकर्ते यांच्यात हा संवाद अजून नीट सुरू झालेला नाही.

ते स्वतः बोलले तेव्हा

मराठी वाचकाने या समाजांना थेट ऐकलं ते पुस्तकांतून. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीमराव गस्तींचं 'बेरड', किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर', अशोक पवारांचं 'बिराड' अशी रांग लागली. त्याआधी या माणसांची जबानी फक्त ठाण्यात लिहिली जात होती, आणि तीही दुसऱ्याच्या हाताने. आता लेखणी त्यांच्या हातात होती. पाल, बिऱ्हाड, पारूशी भाषा हे सगळं पांढरपेशा घरांतल्या कपाटांत आलं.

या लेखनाविषयीही दोन मतं आहेत. त्याने महाराष्ट्राची जाणीव बदलली, हे एक. दुसरं असं की वाचकाने दुःख वाचलं, लेखकाला व्यासपीठावर बसवलं आणि पालावरच्या माणसाला दारातून हाकलणं चालूच ठेवलं. जनाबाई गिऱ्हे यांचं 'मरणकळा' किंवा विमल मोरे यांचं 'तीन दगडांची चूल' या बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांची चर्चा पुरुषांच्या पुस्तकांच्या मानाने फारच थोडी झाली, ही माझी स्वतःची तक्रार आहे. भटक्या बाईला गाव ऐकत नाही आणि तिची जातही ऐकत नाही.

जातपंचायतीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. पंचायत ही पोलिसांच्या आणि कोर्टाच्या वाटेला न जाता आपसांत न्याय करण्याची जागा होती, शिक्का बसलेल्या समाजाचा तो आसरा होता, असं जुने लोक सांगतात. ते खोटं नाही. पण तिथे बाईला बोलायला जागा नव्हती आणि दंड, वाळीत टाकणं, शुद्धतेच्या परीक्षा तिच्याच वाट्याला येत. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. राज्याने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. त्याच सुमारास कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनीच लग्नातल्या कौमार्यपरीक्षेविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. बाहेरून आलेल्या सुधारणेचा धाक आणि आतून उठलेला आवाज या दोन्हींत कुणाचं बळ जास्त, यावर कार्यकर्त्यांत एकमत नाही. समाजाची आधीच बदनामी झालेली असताना घरचं उणं चव्हाट्यावर का मांडायचं, असं विचारणारे आहेत. बायकांनी किती दिवस थांबायचं, असं विचारणारेही आहेत. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याने उत्तर मिळत नाही, असं मला वाटतं.

मोजणी

इतके सगळे वाद एका साध्या गोष्टीशी येऊन अडतात : ही माणसं किती आहेत, कुणालाच ठाऊक नाही. छापून आलेली शेवटची सर्व जातींची शिरगणती १९३१ ची. रेणके आयोगाचा आकडा अंदाजाचा, म्हणून सरकार तो धरत नाही. आणि सरकार मोजत नाही, म्हणून अंदाजाशिवाय हातात काही नाही. येत्या जनगणनेत जात विचारली जाणार, हे ३० एप्रिल २०२५ ला जाहीर झालं. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. भटक्या-विमुक्तांची मागणी आहे की अर्जात त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना हवा, नुसतं जातीचं नाव पुरणार नाही. एकाच समाजाला गावोगाव वेगळं नाव आहे आणि काही नावं तर शिवीसारखी वापरली जातात. प्रगणकासमोर माणूस ते नाव सांगेल की दुसरंच सभ्य नाव सांगेल? उलट काहींना वाटतं की वेगळा रकाना म्हणजे जुन्या वहीचाच नवा अवतार. विमुक्त म्हणून पुन्हा वेगळी नोंद कशाला? हजेरी दिलेल्या आजोबांच्या नातवाला हा प्रश्न पडला तर त्याला समजावणं सोपं नाही.

शिवाय घर नसलेल्यांची गणती एका रात्रीत केली जाते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. प्रगणक स्टेशन, पूल, देवळं, रस्त्याकडेची पालं हिंडून माणसं टिपतात. फेब्रुवारीअखेर सुगीचे दिवस असतात, खळ्यावर धान्य मागायला भटके दूरवर पांगलेले असतात. त्यानंतर होळी ते गुढीपाडवा मढीची यात्रा. पाथर्डी तालुक्यातल्या कानिफनाथांच्या त्या गडाला भटक्यांची पंढरी म्हणतात. कैकाडी, वैदू, गोपाळ, कोल्हाटी तिथे येतात, गाढवांचा बाजार भरतो, सोयरिकी जुळतात. २०२७ साली होळी मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते, म्हणजे गणतीच्या रात्री ही सगळी बिऱ्हाडं अजून वाटेवर असतील. कुठलं बिऱ्हाड त्या रात्री कुठल्या गावच्या ओढ्याशी उतरलेलं असेल, कुठल्या वाटेने मढीकडे निघालेलं असेल, याचा नकाशा कुठल्याही कचेरीत नाही. तो त्या शिबिरातल्या आजीसारख्यांना तोंडपाठ आहे. गाव, तिथला मुक्काम, पुढचं गाव. त्या दिवशी रांगेत बसल्या बसल्या तिने मला तिच्या सासऱ्यांच्या वाटेवरची गावं सांगितली होती. मी तेवीसपर्यंत मोजली, मग तिचा नंबर आला.